‘७/१२’ हे नाव संगणकाला का चालत नाही? वऱ्हाडातल्या जमिनीच्या नोंदींवरून समजून घ्या डेटा व्ह्यूचे नामकरण

पोस्टग्रेस हा जगभर वापरला जाणारा डेटाबेस आहे. त्याला ‘७/१२ दाखव’ अशी आज्ञा दिली, तर उत्तर येते शून्य. संगणकाच्या लेखी तो उतारा नसून सात भागिले बारा असा भागाकार असतो, आणि पूर्णांकांच्या भागाकारात अपूर्णांक गळून जातो. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये हेच उत्तर ०.५८३३ असे येते. अकोला किंवा अमरावतीच्या तहसील कार्यालयासमोर मात्र सातबारा म्हणजे काय, हे कुणाला विचारावे लागत नाही.

यातून सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचा एक जुना प्रश्न समोर येतो. एकाच माहितीकडे वेगवेगळ्या बाजूंनी पाहण्यासाठी जी दृश्ये तयार केली जातात, त्यांना नावे कशी द्यायची? प्रश्न किरकोळ वाटतो. पण चुकीचे नाव वाचून चुकीचा कागद काढला, तर कापसाची हमीभावाची खरेदी अडते किंवा पीककर्जाचा अर्ज परत येतो. जमिनीच्या नोंदी हे त्याचे आपल्या ओळखीचे उदाहरण आहे.

व्ह्यू म्हणजे नेमके काय?

डेटाबेसमध्ये माहिती तक्त्यांत साठवलेली असते. व्ह्यू म्हणजे त्या तक्त्यांना विचारलेला, नाव देऊन जपून ठेवलेला प्रश्न. साध्या व्ह्यूमध्ये स्वतःची माहिती नसते. तो उघडला की मूळ तक्त्यांतून त्या क्षणी उत्तर तयार होते.

समजा, दर्यापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची दोन वावरे आहेत. मूळ माहिती अशी: भूखंड कोणते, त्यांचे क्षेत्र किती, हक्क कुणाचा, तो कोणत्या व्यवहाराने आला, यंदा पेरले काय. हीच माहिती भूमापन क्रमांक धरून पाहिली की गाव नमुना ७ मिळतो, म्हणजे अधिकार अभिलेख. ‘या वावराचे मालक कोण, आणि त्यावर इतर कुणाचा हक्क किंवा बोजा आहे का’ याचे उत्तर तो देतो. तीच माहिती खातेदार धरून पाहिली की गाव नमुना ८-अ. एका माणसाच्या नावावर गावात एकूण किती जमीन आहे, ते त्यात दिसते. घडलेल्या बदलांच्या क्रमाने पाहिली की गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही. हंगाम धरून पाहिली की गाव नमुना १२, पिकांची नोंदवही.

कागदाच्या काळात ही खरोखर वेगळी पुस्तके होती. एकच गोष्ट तलाठ्याला तीन ठिकाणी उतरवावी लागे, आणि त्यातले एक ठिकाण राहून गेले की सातबारा एक सांगे आणि आठ-अ दुसरेच. व्ह्यूची कल्पना ही अडचण मुळापासून काढते, कारण उतरवण्याचे कामच उरत नाही. पण एक गोष्ट त्याबरोबर जाते. पुस्तक हाताला लागायचे, त्याचे पुठ्ठे ओळखीचे असायचे. व्ह्यूला पुठ्ठा नसतो, त्याला फक्त नाव असते.

जे लक्षात घ्यायला लोकांना बराच वेळ लागतो, तेही इथेच सांगायला हवे: व्ह्यू दुरुस्त करता येत नाही, मूळ नोंद दुरुस्त करावी लागते. ‘माझा सातबारा दुरुस्त करून द्या’ असा अर्ज घेऊन माणूस येतो. पण लेखनातली चूक असली तरी जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली आदेश होतो, त्याचा फेरफार धरला जातो आणि मग सातबारा बदलतो. कार्यालयाला ते उगाच घातलेले वळण वाटत नाही, अर्जदाराला वाटते. दोघेही ‘सातबारा’ हाच शब्द वापरतात, पण एकाच्या मनात मूळ नोंद असते आणि दुसऱ्याच्या मनात तिचे दृश्य.

क्रमांक हेच नाव झाले की

सातबारा हा एक नमुना नाही, हे पुष्कळांना ऐकून नवल वाटते. वर नमुना ७, खाली नमुना १२, असे दोन नमुने एका पानावर छापले जातात. हे आकडे मुंबई इलाख्याच्या महसुली हिशेबपद्धतीतून आले. तिथे गावाच्या हिशेबाच्या नमुन्यांना ओळीने क्रमांक होते, आणि आजही ती यादी १ ते २१ अशीच आहे. शेजारच्या गुजरातमध्येही ‘सात बार’ आणि ‘आठ-अ’ हेच शब्द चालतात, कारण दोन्ही राज्यांचे महसुली घराणे एक.

वऱ्हाडाचे घराणे मात्र थोडे वेगळे. १८५३ च्या करारानंतर हा मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. मोजणी आणि सारा यांची पद्धत मुंबईसारखी रयतवारी राहिली, पण १९०३ पासून कारभार मध्य प्रांताशी जोडला गेला. पुढे १९५४ चा मध्य प्रदेश जमीन महसूल कायदा लागू झाला, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. सगळ्या राज्याला एकच असलेली महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची, आणि अधिकार अभिलेखाचे नियम १९७१ चे. म्हणजे वऱ्हाडातल्या एखाद्या जुन्या घराण्याच्या ट्रंकेत एकाच वावराचे कागद दोन-तीन पद्धतींच्या नावांनी सापडू शकतात.

क्रमांकाच्या नावाचा एक फायदा नाकारता येत नाही. ते छोटे असते आणि त्याचे स्पेलिंग चुकत नाही. तोटा असा, की ते काही सांगत नाही, आणि दुसऱ्या यादीतल्या त्याच क्रमांकाशी त्याची गाठ पडते. फेरफाराची नोंद धरली की हितसंबंधितांना जी नोटीस जाते तिला ‘नमुना ९ ची नोटीस’ म्हणतात. हा ९ अधिकार अभिलेखाच्या नियमांतला. गाव नमुना ९ मात्र वेगळाच, ते पावतीपुस्तक आहे. चावडीत बसलेल्या माणसाला संदर्भावरून कळते. नव्याने कामाला लागलेल्या प्रोग्रामरला ‘नमुना_९’ असे नाव दिसले, तर त्याने काय समजावे?

प्रक्रियेचे चित्र काढताना

कार्यालयाचे काम संगणकावर आणण्याआधी त्याचे चित्र काढतात. कोण काय करतो, कशानंतर काय होते, कोणता कागद कुठे जातो. याला प्रक्रियेचे मॉडेलिंग म्हणतात आणि त्यासाठी बीपीएमएन नावाची एक प्रमाण चित्रभाषा आहे. नामकरणाचा रूढ संकेत सोपा आहे: कामाच्या चौकटीत क्रियापद असावे, माहितीच्या चौकटीत नाम. ‘नोटीस बजावणे’ हे काम, ‘नोटीस’ ही माहिती. आणि माहितीची अवस्था बदलत असेल, तर ती नामाच्या खाली चौकोनी कंसात लिहावी.

फेरफाराला हे लावून पाहू. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदले जाते आणि त्याची माहिती महसूल यंत्रणेकडे येते. तलाठी नमुना ६ मध्ये नोंद घेतो: फेरफार [नोंदवलेला]. नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात. हरकत आली, तर प्रकरण नमुना ६-अ या विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते: फेरफार [हरकत आलेला]. नाही आली, तर मंडळ अधिकारी तपासून सही करतात: फेरफार [प्रमाणित]. त्यानंतरच सातबाऱ्यावरचे नाव बदलते.

आता ‘फेरफार’ एवढ्याच नावाचा व्ह्यू तयार केला, तर त्यात कोणते फेरफार दिसतील? सगळे, की फक्त प्रमाणित? नाव काहीच सांगत नाही. खरेदीदाराला आणि बँकेला मात्र नेमके हेच हवे असते. ज्या वावरावर एक नोंद अजून १५ दिवसांच्या मुदतीत आहे, ते वावर ‘निर्वेध’ समजून कर्ज मंजूर झाले, तर पुढचा त्रास कुणाचा? २०२० मध्ये सातबाऱ्याचा जो सुधारित नमुना मंजूर झाला, त्यात प्रलंबित फेरफार स्वतंत्रपणे दाखवण्याची सोय झाली, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख आली, आणि गावाच्या नावासोबत त्याचा सांकेतिक क्रमांकही आला. नामकरणाच्या भाषेत सांगायचे, तर अवस्था, दिनांक आणि ओळख या तीन गोष्टी कागदाच्या अंगावर आल्या.

म्हणून ‘फेरफार’ऐवजी ‘फेरफार_प्रलंबित’ आणि ‘फेरफार_प्रमाणित’ असे दोन व्ह्यू असावेत. आणि दोन्ही मिळून हवे असतील, तर ‘फेरफार_सर्व’. त्यातला ‘सर्व’ हा शब्द जास्तीचा वाटतो, पण तो वाचणाऱ्याला थांबवतो, आणि तेच हवे असते.

नावात काय असावे

डेटाच्या नावांसाठी आयएसओ १११७९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याचा गाभा असा, की नाव कोणत्या वस्तूचे, तिचा कोणता गुण आणि तो कोणत्या रूपात, हे नावातून कळावे. हा नियम मुख्यतः रकान्यांसाठी उपयोगी पडतो, आणि जमिनीच्या बाबतीत तर फार.

‘क्षेत्र’ हा रकाना घ्या. जुन्या कागदांत एकर-गुंठे, आताच्या सातबाऱ्यावर शेतीसाठी हेक्टर-आर-चौरस मीटर, आणि बिगरशेतीसाठी आर-चौरस मीटर. एक एकर म्हणजे ४० गुंठे, पण आरमध्ये सुमारे ४०.४७. गुंठा आणि आर इतके जवळचे आहेत, की चूक नजरेतून सुटते. त्यात दशांशचिन्हाचा घोळ आहेच. १.०५ म्हणजे एक हेक्टर पाच आर. कुणी घाईत १.५ टाइप केले, तर ते एक हेक्टर पन्नास आर झाले. फरक ४५ आर, म्हणजे सुमारे १.११ एकर. रकान्याचे नाव ‘लागवड_क्षेत्र_आर’ असते आणि त्यात १०५ असा पूर्ण आकडा भरायचा असता, तर ही चूक व्हायला जागाच उरली नसती. ‘लागवड’ हा शब्दही तिथे शोभेसाठी नाही. पोटखराब क्षेत्र वेगळे असते, आणि एकूण क्षेत्र या दोहोंची बेरीज.

व्ह्यूच्या नावात आणखी एक गोष्ट हवी: पाहण्याची बाजू. ‘धारण_खातेनिहाय’ आणि ‘धारण_भूखंडनिहाय’ ही दोन नावे शेजारी ठेवली, की आठ-अ आणि सात यांतला फरक न शिकवता कळतो. मराठीतला ‘निहाय’ हा प्रत्यय या कामासाठी इतका नेमका आहे, की त्याच्यासाठी तरी नावे मराठीत ठेवावीत असे वाटते.

काळाचा मुद्दा नमुना १२ मध्ये कळीचा ठरतो. वरचा नमुना ७ ‘आज हक्क कुणाचा’ ते सांगतो. खालचा नमुना १२ ठरावीक वर्षाचा आणि हंगामाचा असतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवरून करू लागला. म्हणजे एकाच पानाच्या वरच्या भागात महसूल खात्याने प्रमाणित केलेली माहिती, आणि खालच्या भागात शेतकऱ्याने भरलेली. भारतीय कपास निगमच्या खरेदीसाठी कापसाची नोंद असलेला सातबारा लागतो, तेव्हा यंदाचा नमुना १२ हवा असतो. घरात ठेवलेला मागच्या वर्षीचा सातबारा ‘सातबाराच’ असतो, तरी तो चालत नाही. ‘पीक_नोंद_खरीप_२०२५’ अशा नावाच्या कागदाबद्दल हा गैरसमज होणे कठीण.

डिजिटल उताऱ्यांचेही तसेच. संकेतस्थळावर विनास्वाक्षरी सातबारा फुकट दिसतो, पण तो माहितीपुरता. १५ रुपये भरून मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा कामाला चालतो. पानावरचा मजकूर तोच, वजन वेगळे. नावात ‘विनास्वाक्षरी’ हा शब्द आहे, म्हणून निदान विचारायला जागा राहते.

भूमिस्वामी ते भोगवटादार

वऱ्हाडात नावांचा सर्वांत नाजूक प्रश्न रकान्याच्या आत आहे. १९५४ च्या कायद्यात जमीन धारण करणारा ‘भूमिस्वामी’ किंवा ‘भूमिधारी’ असे. १९६६ च्या संहितेत हे शब्द गेले आणि ‘भोगवटादार वर्ग १’, ‘भोगवटादार वर्ग २’ आले. ज्या भूमिस्वामीला हस्तांतरणाचे बंधन नव्हते तो वर्ग १. बंधन असलेला भूमिस्वामी आणि भूमिधारी हे वर्ग २. वर्ग २ ची जमीन सर्वसाधारणपणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही.

जुनी नोंद संगणकावर आणताना ‘भूमिस्वामी म्हणजे वर्ग १’ असा सरळ नियम लिहिला, तर बंधन असलेल्या जमिनी मोकळ्या दिसू लागतील. घाबरून उलटा नियम लिहिला, तर आजोबांपासून मोकळी असलेली जमीन विकताना नातवाला परवानगीच्या फेऱ्या माराव्या लागतील. यावर शहाणपणाचा उपाय म्हणजे दोन रकाने: ‘धारणा_वर्ग’ मध्ये आजचा वर्ग, आणि ‘धारणा_मूळ_शब्द’ मध्ये जुन्या कागदावर होता तोच शब्द, एकही अक्षर न बदलता. व्ह्यू पहिला रकाना दाखवेल, पण शंका आली तर दुसरा हाताशी असेल.

देवनागरीत नाव ठेवावे की रोमनमध्ये?

मराठी शब्द रोमन लिपीत लिहिले की ‘फेरफार’चीच तीन-चार स्पेलिंगे होतात, आणि एका टीममधले दोघे दोन पद्धतींनी लिहितात. देवनागरी नाव आधुनिक डेटाबेसला चालते. अडचण लांबीची आहे. पोस्टग्रेसमध्ये नावाची मर्यादा ६३ बाइटची. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे. म्हणजे जेमतेम २१ चिन्हे बसतात.

‘प्रलंबित_फेरफार_गावनिहाय’ हे नाव मोजून पाहा. त्यात देवनागरीची २२ चिन्हे आणि दोन अधोरेखा आहेत, एकूण ६८ बाइट. पोस्टग्रेस हे नाव नाकारत नाही. तो एक सूचना दाखवतो आणि शेपूट कापून ‘प्रलंबित_फेरफार_गावनिह’ असे नाव ठेवतो. सूचना कुणी वाचली नाही, तर सुरुवात सारखी असलेली दोन लांब नावे कापल्यावर एकच होऊ शकतात. म्हणून देवनागरीत लिहायचे, तर शब्द थोडे आणि महत्त्वाचा शब्द आधी. ‘गावनिहाय_प्रलंबित’ हे ४९ बाइटमध्ये बसते.

आणि ७/१२ चे काय? अवतरणचिन्हांत घातले, तर अंकाने सुरू होणारे आणि तिरकी रेघ असलेले नावही डेटाबेस स्वीकारतो. पण मग प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक माणसाने, न विसरता ती चिन्हे घालायची. एक विसरला, की पुन्हा भागाकार.

काय घालू नये

गावाचे नाव एकटे कधीही ओळख म्हणून वापरू नये. पिंपळखुटा अमरावती जिल्ह्यात आहे, अकोला जिल्ह्यातही आहे. जुन्या लोकांनी यासाठीच तर ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ काढले. जिल्ह्याचे नावही व्ह्यूच्या नावात गोठवू नये. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. त्या दिवशी ‘अकोला_धारण’ नावाच्या कोणत्याही यादीचा अर्थ बदलला असता, नाव मात्र तेच राहिले असते.

पदांची नावे त्याहून लवकर जुनी होतात. वऱ्हाडात माणसे अजून ‘पटवारी’ म्हणतात, कागद ‘तलाठी’ म्हणत आला, आणि आता पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले आहे. ‘तलाठी_प्रलंबित_यादी’ असे नाव ठेवले असेल, तर ते आजच शिळे आहे. काम काय, ते नावात असावे. ते करतो कोण, ते स्वतंत्र तक्त्यात.

व्ह्यू आहे हे कळावे म्हणून नावाआधी ठरावीक अक्षरे जोडण्याची पद्धत अनेक कंपन्यांत आहे. यावर प्रोग्रामर हमरीतुमरीवर येतात. जोडणारे म्हणतात, यामुळे मूळ तक्ता कोणता आणि दृश्य कोणते ते लगेच कळते. न जोडणारे म्हणतात, उद्या वेगासाठी त्याच व्ह्यूचा तक्ता केला तर नाव खोटे पडेल. दुसऱ्यांचे म्हणणे जास्त पटते, कारण वापरणाऱ्याला उत्तराशी काम असते, ते कुठून आले याच्याशी नाही.

‘सातबारा कोरा’ या घोषणेत तर नावाने मूळ वस्तूची जागाच घेतली आहे. कर्ज असते बँकेच्या किंवा सोसायटीच्या खात्यावर. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात दिसतो तो त्याचा बोजा. कर्ज फिटले, तरी बोजा कमी करण्याचा फेरफार होईपर्यंत सातबारा कोरा होत नाही. आणि बोजा चढवलाच नसेल, तर कोऱ्या सातबाऱ्यामागेही कर्ज असू शकते. मालकीचेही असेच. संहितेच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातली नोंद चूक सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. पण फेरफाराच्या नोंदीने मालकी निर्माण होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे.

लोकांच्या तोंडचे नाव बदलायला जाणे मात्र फुकटचे कष्ट. पडद्यावरच्या बटनावर ‘सातबारा’च लिहावे, त्यामागे ‘हक्क_भूखंडनिहाय’ आणि ‘पीक_हंगामनिहाय’ असे दोन व्ह्यू जोडावेत, आणि छापताना प्रत्येकाची तारीख आपापल्या भागावर वेगळी छापावी.